गवत कापायचं मशीन सुरूच होत नाही

प्रश्न : पेट्रोलवरचं मशीन नोव्हेंबरात वापरून ठेवलं होतं. जूनमध्ये दोरी ओढून हात दुखले, तरी सुरू होत नाही. शिवाय मागच्या खेपेला कापल्यावर गवताची टोकं पिवळी पडली होती. — एक वाचक, नाशिक

उत्तर : काकू, टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाका. त्यात हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि सहा-सात महिने पडून राहिलेल्या पेट्रोलाचा चिकट थर कार्बोरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं) जेट, म्हणजे बारीक छिद्र, बुजवतो. ताजं पेट्रोल घालूनही चालू झालं नाही, तर कार्बोरेटर उघडून साफ करून घ्या.

पिवळी टोकं म्हणजे बोथट पातं. गवत कापलं न जाता फाटतं. पण पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढाच. माझ्या हाताखालच्या मुलाने ती काढली नव्हती. पातं फिरवताच इंजिनाने झटका दिला आणि दोन बोटांना टाके पडले. मशीन कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. पातं सोडवून कानस मूळ कोनातच चालवा, मग पातं मधल्या भोकातून खिळ्याला अडकवून तोल बघा. जी बाजू खाली झुकेल, ती अजून थोडी घासा.