वाचकांचे प्रश्न : पीक गेले, मग देवाची प्रीती कुठे आहे?

प्रश्न : आमची कोरडवाहू शेती. काढणीच्या तोंडावर पाऊस लागला अन् सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब आले. पऱ्हाटीची बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. वेचलं त्यातली निम्मी कवडीच, म्हणजे किडका, खराब कापूस. बँकेचं कर्ज, वरून हातउसने. आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण म्हणतात, घरात काही पाप असेल, ते आधी कबूल करा. यांनी तर प्रार्थनाच सोडली. देवाचं आमच्यावर प्रेम आहे हे मी कशावरून मानू? – एक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, आधी त्या पापाच्या बोलण्याचे पाहू. बोंडअळी का वाढते हे शिवाराला ठाऊक आहे. फरदडीच्या, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा येणाऱ्या पिकाच्या, आशेने कपाशी जानेवारीनंतरही उभी राहते, अळीला खायला मिळत राहते आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा हजर होते. एकाने फरदड ठेवली तरी त्रास शेजारच्या धुऱ्यापलीकडे जातो. यात तुमच्या घरातले पाप शोधायला जागाच कुठे आहे? प्रभू येशूपुढेही हाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसे मेली. ती इतरांहून जास्त पापी होती काय, असे विचारून प्रभूने स्वतःच ‘नाही’ म्हटले आणि पश्चात्ताप करायला सांगितले ते ऐकणाऱ्यांना (लूक 13:4-5). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारले तेव्हाही उत्तर तेच: याने पाप केले नाही, याच्या आईबापानेही नाही (योहान 9:3). सगळे काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प जमिनीवर बसले, तोवर ठीक होते. मग तोंड उघडून त्यांनी पापाचा हिशेब मांडला आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला (ईयोब 42:7). तुमच्या घरी सल्ला घेऊन येणाऱ्यांना हे वचन जरूर वाचून दाखवा.

आता कशावरून मानू, हा प्रश्न. पीक हा देवाच्या प्रीतीचा सातबारा नव्हे. तसे असते तर चांगल्या वर्षी प्रीती आणि नापिकीत कोप, असे दरसाल बदलत राहिले असते. प्रेषित पौल पुरावा देतो तो वधस्तंभाचा: देवाने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवले नाही (रोम 8:32). त्यानंतर तो नावे घेतो – क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. ही येणार नाहीत असे तो म्हणत नाही. ती आली तरी ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाहीत, एवढेच म्हणतो. आणि हे ऐकीव नव्हे. भूक, थंडी, उघडेपण त्याने सोसले होते (2 करिंथ 11:27).

यजमानांना ‘प्रार्थना करा’ असा आग्रह आता करू नका. स्तोत्र 13 घ्या, सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चारदा ‘कोठवर?’ विचारतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणे आहे. भरवसा येतो तो पाचव्या-सहाव्यात. रोज रात्री जेवणानंतर तुम्ही मोठ्याने वाचा, त्यांनी नुसते ऐकले तरी चालेल. पहिले चार-पाच दिवस दुसऱ्या वचनापाशीच थांबा आणि वहीत आपले ‘कोठवर’ लिहा: बँकेची नोटीस कोठवर, पोरीची फी कोठवर. नेमके लिहा, गोलमोल नको. मग एका वेळी एकच मागणे: या आठवड्याचा किराणा, किंवा बँकेच्या साहेबाशी बोलायचे धैर्य. पाचवे वचन मनातून येईल तेव्हा येऊ द्या. बहुतेकांचे इथेच चुकते. पाचव्या वचनापासूनच सुरुवात करायला लावतात आणि दुःखी माणसाला वाटते, आपल्याला विश्वासच नाही. हबक्कूक संदेष्ट्याचेही तसेच. शेतात अन्न नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी आनंद करीन, हे वचन (3:17-18) सगळ्यांना पाठ. पण त्याचे पुस्तक सुरू होते ते ‘मी कोठवर ओरडू?’ या तक्रारीने. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

प्रश्न : माझा भाऊ म्हणतो, ‘आता जगून काय करू?’ आम्ही प्रार्थना करतो आहोत. आणखी काही करावे का?

उत्तर : होय, आजच. फवारणीचे औषध घरातून आणि कोठ्यातून काढून विश्वासू माणसाकडे कुलपात ठेवा. त्यांना एकटे सोडू नका. ‘जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. 14416 या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते, मराठीतही. औषध घेतल्याची शंका जरी आली तरी 108 ला फोन करा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. ते फुप्फुसात गेले तर जीव जास्त धोक्यात येतो. भिजलेले कपडे काढा, हातांत प्लास्टिकची पिशवी घालून अंग धुवा, आणि डब्यावरचे नाव डॉक्टरांना दिसावे म्हणून डबा सोबत न्या.

दवाखाना म्हणजे विश्वासाची कमतरता नव्हे. ‘पुरे झाले, माझा प्राण घे’ म्हणणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिले. मग देवदूताने निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा. बोलणे नंतर झाले (1 राजे 19). पाळकसाहेबांना कळवा. मंडळीतल्या दोघांनी ठरलेल्या वारी यावे, डाळ-तांदूळ आणावे, अर्धा-पाऊण तास बसावे, आणि पुन्हा कधी येणार ते सांगूनच उठावे.

प्रश्न : कापणीच्या सणाला अर्पण द्यायला काहीच नाही. उपासनेला यावे की नाही?

उत्तर : यावे. माणसाजवळ नाही त्याची देव अपेक्षा करत नाही (2 करिंथ 8:12). जुन्या करारातही कोकरू जमत नसेल त्याला दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले चालत, तेही नसेल तर एफाचा (धान्य मोजायचे जुने माप) दहावा भाग सपीठ (लेवीय 5:7, 11). नावे आणि रकमा मोठ्याने वाचायची पद्धत तुमच्या मंडळीत असेल, तर ती बंद करावी असे पंचांना आमच्या वतीने सांगा.