तेलविहीर खोदताना खालून येणाऱ्या रिअल-टाइम डेटाचा खरंच उपयोग होतो का?

वर रिगवर इतके सेन्सर असताना बिटच्या (खडक कापणाऱ्या टोकाच्या) मागे महागडी उपकरणं कशाला सोडायची, आणि त्यानं विहीर लवकर होते का, असं तुम्ही विचारलंय. होते. पण ढीगभर डेटा आला म्हणून नाही, तर चार कामाचे आकडे वेळेवर ड्रिलरच्या समोर असतात म्हणून. मी एमडब्ल्यूडीचंच, म्हणजे खोदतानाच खालून मोजमाप वर पाठवण्याचंच काम करतो, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.

तिरक्या विहिरीत तीन-साडेतीन किलोमीटरची स्ट्रिंग (जोडलेल्या पाइपांची माळ) भिंतीला घासत असते. हुकलोडवरून (वर हुकावर दिसणाऱ्या भारावरून) बिटवर १० टन वजन दिसलं, तरी त्यातलं बरंचसं घर्षणच खातं. त्याहून फसवं म्हणजे स्टिक-स्लिप. वर टॉप ड्राइव्ह (पाइप फिरवणारी मोटर) १२० आरपीएमवर निवांत फिरतोय, आणि खाली बिट क्षणभर अडकून सुटलं की दुप्पट वेगानं गरकन फिरतंय. त्यात पीडीसी (कृत्रिम हिऱ्याच्या दातांच्या) बिटचे कटर उडतात. खालून कळलं तर ड्रिलर वजन कमी करतो, आरपीएम वाढवतो. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. नाही कळलं, तर बिट बदलायला सगळी स्ट्रिंग वर काढा, रिगचं भाडं चालूच.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा ईसीडीचा, म्हणजे मड (खोदताना पाइपमधून सोडलेला जड चिखल) फिरत असताना विहिरीच्या तळाशी प्रत्यक्ष किती जड पडतंय त्याचा. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडलं, १९७६ पासून उपसा चालू आहे. अशा जुन्या क्षेत्रात चुनखडीतला दाब उतरलेला असतो, ईसीडी जरा चढला की मड खडकात पळतं. कटिंग्ज (कापलेल्या खडकाचे तुकडे) विहिरीच्या खालच्या अंगाला साचायला लागल्या की हा आकडा हळूहळू वर सरकतो. मग खोदणं थांबवायचं, पाइप फिरवत ठेवून मड फिरवायचं आणि शेकरवर (वरच्या हलत्या चाळणीवर) माल येतोय का बघायचं. मड पळालंच तर एलसीएम (भेगा बुजवणारं साहित्य) सोडतात, पण जाडंभरडं असलं तर ते आमच्याच पल्सरमध्ये (डेटा वर पाठवणाऱ्या उपकरणात) अडकतं!

आता अडचण. पल्सर मडच्या प्रवाहाला किंचित अडवतो, दाबाची ती लहर वर स्टँडपाइपवर (रिगवरच्या मडच्या पाइपवर) वाचायची. सेकंदाला १० बिट (हे डेटाचे, खोदायचे नव्हे) मिळाले तरी आम्ही खूश. त्यामुळे काय पाठवायचं यावरून रिगवर वाद ठरलेले: डायरेक्शनलवाल्याला टूलफेस (बिट कुठल्या बाजूला वळलंय तो कोन) हवा, जिओलॉजिस्टला गॅमा (खडकाच्या नैसर्गिक किरणांची मोजणी), आणि कंपनाचा आकडा कायम शेवटी. शिवाय पंप बंद झाले की सगळंच बंद. कनेक्शनच्या वेळी (नवा पाइप जोडताना) दाब किती उतरला ते पंप परत चालू झाल्यावर कळणार.

वायर्ड ड्रिल पाइपमध्ये हा प्रश्न नाही, सेकंदाला ५७,६०० बिट, तेही पंप बंद असताना. पण पाइपच्या प्रत्येक जोडातली कॉइल सांभाळायची, आणि खर्च भरपूर. साध्या विहिरीवर मी ते मागणार नाही. मडचं वजन इकडे-तिकडे करायला जागाच नसेल, तिथे मात्र हटून बसेन.