सिट्रस काउंटीत मुलाला घेऊन येताय? गोल्फ, झरे आणि शाळेचा फॉर्म

तुम्ही विचारलंय की मिस्टरांना फ्लोरिडात सिट्रस काउंटीत हॉस्पिटलचा जॉब मिळतोय, तिथे गोल्फ, नदी वगैरे मस्त आहे असं ऐकलं, पण मुलाला घेऊन राहायला कसं आहे. व्हिसाचं कुठेही मिळेल, ते लिहीत नाही.

बाहेरचं जग खरंच सुंदर आहे हो. क्रिस्टल रिव्हरला जमिनीतून झरे येतात, पाणी बारा महिने 22 डिग्रीच्या आसपास, म्हणून थंडीत समुद्रातले मॅनाटी, म्हणजे गवत खाणारे अवाढव्य, संथ प्राणी, शेकडोंनी आत येतात. हात लावायचा नाही, पोराला आधीच बजावून ठेवा. सायकलला विथलाकूची ट्रेल, जुन्या रेल्वेलाइनवरचा 46 मैलांचा पक्का रस्ता, इन्व्हर्नेस गावातूनच जातो, गाड्यांची भीती नाही.

गोल्फ श्रीमंतांचा खेळ हे डोक्यातून काढा. लेकँटोला जुन्या खाणीत बांधलेला ब्लॅक डायमंडचा कोर्स आहे तो वेगळा, पण साध्या पब्लिक कोर्सवर उन्हाळ्यात रेट खूप उतरतात कारण थंडीपुरती आलेली उत्तरेकडची मंडळी परत गेलेली असतात. सकाळी सातला सुरू करा, दुपारी विजा कडाडायला लागल्या की खेळ बंद. तळ्यात बॉल गेला तर सोडून द्या, काठावर मगर पडलेली असते. आणि एकटे गेलात की स्टार्टर, म्हणजे खेळाडूंना क्रमाने खेळायला सोडणारा कोर्सचा माणूस, तुम्हाला तिघांच्या ग्रुपला जोडून देतो, माझ्या इथल्या सगळ्या ओळखी अशाच झाल्या. फार प्रेमळ माणसं, पण बहुतेक सत्तरीची! इथे पेन्शनरांची वस्ती जास्त, मुलाच्या वयाची पोरं शोधावी लागतात.

एकटेपणा येतो, सगळ्यांनाच येतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

शाळेचं मात्र लिहिणारच. पुण्याचं लसीकरणाचं कार्ड थेट चालत नाही, इथल्या डॉक्टरकडून 680 नंबरच्या फॉर्मवर उतरवून घ्यावं लागतं, त्यात हेलपाटे झाले, ते एक वेळ ठीक. पण प्रवेशाच्या वेळी विचारतात घरात इंग्लिशशिवाय दुसरी भाषा बोलता का, आम्ही मराठी लिहिलं, तर ज्युनियर केजीपासून इंग्लिश मीडियमला शिकलेल्या माझ्या मुलाला इंग्लिश न येणाऱ्यांच्या यादीत टाकलं. इंग्लिशची टेस्ट आज घेतो उद्या घेतो, मी फोन करतोय, कोणी धड उत्तर देत नाही, आणि रोज त्याला वर्गातून उठवून बाहेर नेतायत. टेस्ट झाली, पहिल्या फटक्यात पास झाला, कोणी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. तेव्हापासून शाळेच्या गेटवर तो माझ्याशी मराठी बोलत नाही. घरी बोलतो, नदीवर कयाकमध्ये तर अखंड बडबड, पण गेटवर मी "डबा खाल्लास का" विचारलं की "येस बाबा" एवढंच. अजून राग जात नाही माझा. तरी सांगतो, प्रवेशाच्या फॉर्मवर मराठीच लिहा, फक्त त्याच दिवशी टेस्टची तारीख ईमेलवर मागा आणि जुनी मार्कशीट जोडा.

परत जायचं का हा विषय आमच्याकडे दर सुट्टीत निघतो. बायकोला जायचंय, मुलाला नाही, माझं आठवड्याला बदलतं.

घर बघताना क्रिस्टल रिव्हरमध्ये हायवे 19 च्या पश्चिमेला घेऊ नका, 2024 च्या हेलीन वादळात तिथे समुद्राचं पाणी शिरलं होतं. शाळा ऑगस्टमध्येच सुरू होते, जमलं तर जुलैच्या सुरुवातीला या. आणि मुलगा कितवीत आहे ते लिहिलं नाहीत, तेवढं कळवा.