बोगदा झाला, मग फेरीबोटीचे काय?

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, तेव्हा पुण्याहून निघालेला माझा मुलगा घर अगदी जवळ आले असताना वाटेतच अडकला. बेटांवरच्या लोकांचे तर बाराही महिने असे होत असेल. समुद्राखालून बोगदा झाल्यावर त्यांचा प्रवास खरोखर सोपा होतो का, आणि फेरीबोटी बंद पडतात का? – एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : बेटावर राहणाऱ्याला अंतरापेक्षा हवामानाची धास्ती अधिक असते आणि बोगद्यामुळे ती बरीचशी जाते. जपानमध्ये २६ सप्टेंबर १९५४ रोजी होन्शू आणि होक्काइदो या बेटांमधील सामुद्रधुनीत ‘तोया मारू’ ही रेल्वेची फेरीबोट वादळात बुडाली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. बोगद्याचा विचार त्याआधीपासून चालू होता. या दुर्घटनेने त्याला जोर आला. १९८८ मध्ये ५३.८५ किलोमीटर लांबीचा सेइकान रेल्वे बोगदा सुरू झाला आणि रेल्वेच्या बोटींची नियमित वाहतूक संपली.

उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरचे बोगदे मोटारींसाठी आहेत. डिसेंबर २०२० मध्ये खुला झालेला ११.२ किलोमीटरचा बोगदा समुद्रसपाटीखाली १८७ मीटरपर्यंत उतरतो आणि त्याच्या पोटात चक्क एक गोल चौक आहे : मधोमध कातळाचा खांब तसाच राखलेला, त्याच्याभोवती हातात हात घालून फेर धरलेल्या पोलादी मानवाकृती आणि त्यांवर रंगीत उजेड. राजधानी तोर्सहावनहून शेजारच्या बेटावरील रुनाविक या गावी जायला पूर्वी वळसा घालून जवळजवळ तास लागे, तिथे आता सुमारे सोळा मिनिटे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये सान्दोय बेटाचा बोगदा झाला आणि त्या बेटाची स्कोपुन बंदरातून सुटणारी बोट थांबली.

माझ्या मते खरा विचार इथेच करायला हवा. बोटीत पायी चढणारा प्रवासी मोटारीच्या बोगद्यात चालत जाऊ शकत नाही. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्यासाठी बोटीच्या जागी वेळेवर सुटणारी बस हवीच, अन्यथा अशा माणसाला बेट पूर्वीपेक्षा दूर वाटेल. रेल्वेच्या बोगद्यात उलटे घडते. तिकीट काढून कोणीही पार होतो, पण स्वतःची मोटार सेइकानमधून नेता येत नाही. म्हणूनच त्या सामुद्रधुनीच्या दोन बाजूंच्या आओमोरी आणि हाकोदाते या बंदरांमध्ये मोटारी व ट्रक घेऊन फेरीबोटी आजही ये-जा करतात.