फॉर्मवर पहिलं नाव खरं लिही

प्रिय दोस्ता,

स्पर्धेच्या फॉर्मवर ‘तुमचा पहिला अल्बम’ या रकान्यात तू मेटॅलिका या रॉक बँडचं नाव लिहिलंस. मग रात्री साडेअकराला मला मेसेज: काका, ते खोटं आहे, पण खरं लिहिलं तर बँडमधले मला सुखाने जगू देणार नाहीत. खरा पहिला अल्बम टेलर स्विफ्टचा ‘१९८९’. तू पाचवी-सहावीत असताना मावशीने न्यू जर्सीहून येताना आणलेली सीडी. त्याच मेसेजच्या शेपटीला तू आणखी एक गोष्ट जोडलीस, ती मला जास्त लागली. तुझ्या नव्या गाण्याचा कोरस ‘फार पॉप होतोय’ म्हणून पोरं तो कापायला निघाली आहेत आणि आता तुलाही त्यांचं पटायला लागलंय.

रियाज कर, स्वतःवर विश्वास ठेव, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुझ्या आईने सांगून झालं असेल. मला एकच सांगायचंय आणि तू कंटाळेपर्यंत सांगणार आहे: पहिलं नाव खरं सांग. परीक्षकाला त्या रकान्याने काडीचा फरक पडत नाही. तुला पडतो. आज फॉर्मवरून जे खोडलंस ते उद्या गाण्यातून खोडशील. उद्या कशाला, तू सुरुवात केलीच आहेस.

माझं नाव ऐक. बोनी एम, तो डिस्को गट. ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’. अल्बम १९७८चा. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याची कॅसेट आली ती नंतर काही वर्षांनी, वडिलांच्या बोनसमधून घेतलेल्या टू-इन-वनबरोबर. ‘रास्पुतीन’च्या सुरुवातीचे ड्रम्स मी इतक्या वेळा मागे नेऊन ऐकले की तिथली फीत ताणली गेली आणि आवाज डुलायला लागला. आजही मोबाइलवर ते स्वच्छ, सरळ वाजलं की मला वाटतं, यांचं काहीतरी चुकलंय.

कॉलेजात गेल्यावर कॅम्पातली पोरं भेटली. कुणाचा काका आखातात, कुणाचा मामा बोटीवर. त्यांच्याकडे पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, झेपलिन असले रॉक बँड. एकाच्या खोलीवर एकदा नील यंग या गायकाचा ‘हार्वेस्ट’ अल्बम लागला होता, सगळे डोळे मिटून बसलेले. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ सुरू झालं आणि मी मोठ्याने म्हणालो, अरे, हे तर बोनी एमचं! पुढची तीन वर्षं माझं नाव ‘बोनी’ होतं.

आता हसणं बाजूला ठेव आणि माझ्या त्या ‘फालतू डिस्को’ कॅसेटवर काय काय होतं ते बघ. शेवटचं गाणं नील यंगचं. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ मुळात जमैकाच्या मेलोडियन्सचं. ‘पेंटर मॅन’ हे साठच्या दशकातल्या क्रिएशन नावाच्या इंग्लिश रॉक बँडचं. ‘किंग ऑफ द रोड’ अमेरिकन कंट्रीवाल्या रॉजर मिलरचं. म्हणजे कॅम्पातल्या त्या खोलीत पाऊल टाकायच्या आधीच माझ्या कानात लोकगीताच्या वळणाचं रॉक, रेगे, कंट्री आणि इंग्लिश गिटारवाले येऊन बसले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच. आणि ज्या ‘हार्ट ऑफ गोल्ड’साठी ती पोरं डोळे मिटून बसली होती, ते १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं. रेडिओवर दिवसरात्र वाजलेलं. पॉप दुसरं काय असतं?

त्यांचा ठेवणीतला मुद्दा म्हणजे बोनी एम खोटे आहेत. खरंच होतं ते. मंचावर नाचायचा बॉबी फॅरेल आणि रेकॉर्डवरचा तो जाड पुरुषी आवाज असायचा निर्माता फ्रँक फारियानचा. मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही. आज येतं. रॉकवाले ज्यांना देवघरात बसवतात त्या बर्ड्स बँडचं १९६५ मधलं ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’ काढ. त्यात वाद्य वाजवणारा बँडमधला माणूस एकच, रॉजर मॅग्विन. बाकी सगळे लॉस एंजेलिसचे भाड्याने आणलेले स्टुडिओ वादक. म्हणून ते गाणं वाईट झालं का? गाणं सुरेखच आहे. मग एकाला सूट आणि दुसऱ्याला फटके का?

कारण ऐकणारे वेगळे होते. मला हे कळायला फार वर्षं लागली, तुला फुकट देतोय. पुण्यात आमच्या वेळी रॉक ऐकणं म्हणजे इंग्रजीत विनोद करता येणं, जीन्स बाहेरून आलेली असणं. बोनी एम आणि अॅबा म्हणजे वाढदिवस, गॅदरिंग, सोसायटीची पार्टी. अमेरिकेत तर हे फार कुरूप झालं होतं. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क स्टेडियममध्ये एका रॉक रेडिओवाल्याने लोकांना बोलावलं. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटांत बेसबॉलची मॅच बघा. दोन सामन्यांच्या मध्ये त्या रेकॉर्डींचा ढीग मैदानात स्फोटाने उडवला. गर्दी मैदानात घुसली आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला. तिथे काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाने पुढे सांगितलं की लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींत डिस्कोशी संबंध नसलेलं काळ्या कलाकारांचं संगीतही होतं. त्यांचा राग कोणत्या तालावर होता ते तूच ठरव.

वादक मात्र ही भिंत कधी मानत नव्हते. मायकल जॅक्सनचा पॉप अल्बम ‘थ्रिलर’ १९८२चा. त्यातल्या ‘बीट इट’मधला गिटार सोलो रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनचा, आणि त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. पुढे त्याच्या बँडचा ‘१९८४’ हा अल्बम अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर अडकला तो याच ‘थ्रिलर’च्या मागे, ही त्यातली गंमत. क्वीन हा रॉक बँड, ते सत्तरच्या दशकात अल्बमच्या वेष्टनावर अभिमानाने छापायचे की आम्ही सिंथेसायझर वापरत नाही. १९८०च्या ‘द गेम’मध्ये सिंथेसायझर आला. त्याच अल्बमवर ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आहे. जॉन डीकनची ती बेसलाइन आणि शीक या डिस्को बँडचं ‘गुड टाइम्स’ एकामागून एक लाव. मी बेस वाजवतो, मला हे सांगायला समीक्षक लागत नाही, बोटांना कळतं. आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेतला. तिथल्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवून त्याने सुरुवात केली. पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला जाताना तुझ्या बँडच्या डोक्यात हे येतं का कधी?

तुझ्या ‘१९८९’चीही तीच गत. त्या अल्बमवर ज्याचा हात पदोपदी दिसतो तो स्वीडनचा मॅक्स मार्टिन आधी एका ग्लॅम मेटल बँडचा गायक होता. २०१५ मध्ये रायन अॅडम्स नावाच्या गिटारवाल्याने तो अख्खा अल्बम आपल्या पद्धतीने पुन्हा गायला. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने त्याच्या अल्बमचं परीक्षण तेव्हाच छापलं. मूळ अल्बमचं छापलं ते २०१९ मध्ये. गाणी तीच, चाली त्याच. आधी दखल कुणाची घेतली, बघ. आणि अशा लोकांना खूश करायला तू मेटॅलिका लिहितोस?

पॉपमध्ये भंगार नाही असं मी म्हणत नाही. ढिगाने आहे. रॉकमध्येही आहे, फक्त तिथे ते बारा मिनिटांचं असतं. आणि रॉकवाल्यांचं एक मला मनापासून आवडतं: स्वतः लिहा, स्वतः वाजवा, लोकांसमोर उभे राहा. तू त्यांच्यात गेलास याचा मला आनंदच आहे. मेटॅलिका ऐकू नकोस असं कोण म्हणतंय? दुसरं, तिसरं, दहावं नाव त्यांचं लिही. पहिलं खरं लिही.

आता तू म्हणशील, काका, तुम्ही स्वतः तर बँड सोडून ऑर्केस्ट्रात गेलात. गेलो. तुला ही गोष्ट अर्धीच माहीत आहे, कारण ती आमच्या लीड गिटारिस्टकडून पसरली. मी एक चाल बांधली होती. वर चढून पायरी-पायरीने खाली उतरणारी, दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा कुणीही बरोबर गुणगुणेल अशी. तालमीत ती वाजवली आणि एक जण म्हणाला, बोनी परत आला. सगळे हसले, मीही हसलो, आणि चाल गेली. गणपतीत एका ऑर्केस्ट्राला बेसवाला हवा होता, मी गेलो. पैशासाठी गेला म्हणतात. पैसे मिळालेच, मी नाकारत नाही, बहिणीच्या लग्नात कामी आले. पण एका रात्रीत चाळीस गाणी, समोर हलवायाच्या दुकानातला पोऱ्या आणि त्याच्या शेजारी नगरसेवक, दोघांचेही पाय हलले पाहिजेत, हे शिक्षण मला कुठल्याही खोलीत डोळे मिटून बसून मिळालं नसतं. यावर माझा आणि त्या गिटारिस्टचा वाद अजून चालू आहे. तो ह्यूस्टनहून आजही मला ‘काय बोनी’ असंच लिहितो.

हळहळ एकाच गोष्टीची आहे. त्या बँडचं मिनिटभराचंही रेकॉर्डिंग कुठे नाही. चाल मला अजून येते, परवाच वाजवून बघितली. पण चौघांनी मिळून ती कशी लागली असती हे आता कळायचं नाही. ड्रमरने ड्रम्स विकून फ्लॅटचे पहिले पैसे भरले. मी त्या दिवशी हसलो नसतो, आणि म्हणालो असतो की हो, बोनी एमच आहे, तिथूनच आलंय, वाजवा आता, तर काय झालं असतं कुणास ठाऊक. कदाचित तरीही कापलीच असती. पण निदान वाद तरी झाला असता.

म्हणून तुझ्यावर चिडतोय, तुझ्या बँडवर नाही. ती पोरं तुझ्या वयाची आहेत, त्यांना जे माहीत आहे ते बोलतात. तू मात्र तुला माहीत असलेलं लपवतोयस. तो कोरस कुठून आला ते तुला ठाऊक आहे. सहावीत हेडफोन लावून तू जी वळणं पाठ केलीस, तिथून. तो सूर वर जाऊन थांबतो आणि ड्रम्स क्षणभर गप्प होतात, ती जागा त्या सीडीने शिकवलेली आहे. कापायचीच असेल तर ती जागा गाण्यात बसत नाही म्हणून काप. गाण्याला दोन कडवी जास्त झालीत, ती खुशाल काप. पण ‘पॉप होतोय’ हे कापायचं कारण नव्हे, आणि हे कारण ज्या दिवशी तू स्वतः द्यायला लागशील त्या दिवशी मला मेसेज करू नकोस.

फॉर्म शुक्रवारपर्यंत बदलता येतो, मी पाहिलं. आत जाऊन नाव दुरुस्त कर. मेटॅलिका खाली ‘सध्या ऐकत असलेलं’ या रकान्यात टाक, तिथे ते खोटं होणार नाही. मग रविवारच्या तालमीत गाणं कोरससकट वाजवा, एकदा नव्हे, दोन-तीनदा. तुमचा बेसवाला कोरसमध्येही कडव्यासारखाच धावपळ करतो, म्हणून तो भाग पातळ वाटतो. त्याला सांग, तिथे मूळ स्वरावर ठाम बस आणि किक ड्रमबरोबर चाल. तो ऐकत नसेल तर मला कळव. माझी रविवारची संध्याकाळ मोकळी आहे, अॅम्प मी माझा घेऊन येईन.

तुझा,
बोनी काका