नाक्सोस बेटावर चार रात्री: कोणते बीच करावेत आणि शाकाहारी आई-बाबांना कुठे जेवू घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या मध्यावर तुम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि पूर्ण शाकाहारी आई-बाबा, ग्रीसमधल्या सँतोरिनी बेटावर दोन रात्री काढून नाक्सोसला चार रात्री राहणार आहात. रात्रींची ही वाटणी बरोबर आहे का, बीच कोणते, जेवायचं कुठे, आणि आई-बाबांचे खाण्याचे हाल तर होणार नाहीत ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी काळजी तीच दिसते. हाल होणार नाहीत. सायक्लेडीस बेटांमधलं नाक्सोस सगळ्यात मोठं, आणि बाकीच्या कोरड्या, खडकाळ बेटांच्या मानाने इथे पाणी आणि माती दोन्ही बरी आहे. बटाटे, भाज्या, ऑलिव्ह, गुरंढोरं, चीज सगळं बेटावरच. लोकांनी शेती सोडलेली नाही, पर्यटन तिच्या जोडीला आलंय. त्यामुळे ताटात जे येतं ते बहुतेक वेळा मागच्या डोंगरातलंच असतं. मी जर्मनीत राहते, ग्रीसला जाणं सोपं पडतं, आणि सासूबाईंना (त्या अंडंही खात नाहीत) घेऊन या बेटावर राहिले आहे, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतेय.

फक्त एक सवय बदलावी लागेल. मुख्य जेवण दुपारी करा. ग्रीक खानावळीत, म्हणजे ताव्हेर्नात, भाज्यांचे पदार्थ सकाळी मोठ्या भांड्यांत शिजवून ठेवतात आणि दिवसभर वाढतात. टोमॅटो आणि भरपूर ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या फरसबी (फासोलाकिया), भेंडी (बामिएस), भाजलेले मोठे पांढरे वाल (गिगांतेस), भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि टोमॅटो (येमिस्ता), वांगी-बटाटा-झुकिनीचं ब्रिआम. रात्री नऊपर्यंत यातलं निम्मं संपलेलं असतं आणि शेगडीवर मांस-मासळीचा कारभार सुरू होतो. शाकाहारी माणूस रात्री नुसता मेन्यू वाचत बसला की सॅलड आणि तळलेल्या बटाट्यांवर येऊन थांबतो, आणि मग परत आल्यावर ‘ग्रीसमध्ये काही मिळत नाही’ म्हणून सांगतो. हे पदार्थ गरमागरम येत नाहीत, कोमटच असतात, ती तिथली रीत आहे. बाबांना वाफाळतं लागत असेल तर आधीच कल्पना देऊन ठेवा. आणि तिखट नाहीच. एखादं लोणचं बॅगेत असू द्या, ताव्हेर्नातली माणसं हसतात आणि चव मागतात.

हे एवढे शाकाहारी पदार्थ आले कुठून, तर उपासातून. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन वर्षातले पुष्कळ दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. तशा पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात आणि हा शब्द मागणी करताना फार उपयोगी पडतो. पण त्यात एक मेख आहे: त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूल, ऑक्टोपस चालतात! तेव्हा निस्तीसिमो म्हणून गाफील राहू नका. ‘होरीस क्रेआस’ म्हणजे मांस नको, ‘होरीस प्सारी’ म्हणजे मासे नकोत, ‘होरीस थालासिना’ म्हणजे समुद्रातलं काहीच नको. येमिस्ता कुठे खिमा घालून, कुठे नुसत्या भाताचे करतात, द्राक्षाच्या पानांच्या दोल्मादेसचंही तसंच, म्हणून दर वेळी विचारा. आणखी एक: चीज बनवताना बऱ्याच ठिकाणी जनावराच्या जठरातलं विरजण वापरतात. आई-बाबा त्याबाबत काटेकोर असतील तर चीज टाळावं लागेल. आमच्याकडे यावर घरात चर्चा झाली आणि सासूबाईंनी ‘मला सांगायलाच नको होतं’ म्हणून विषय संपवला. तुमची सहल चातुर्मासात येते, कांदा-लसूण पाळत असतील तर मात्र खरंच अवघड आहे. मग स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. इथे तशा खोल्या भरपूर आहेत आणि बाजारात भाजी उत्तम मिळते.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे उन्हाळ्यातली ‘होर्ता’. होर्ता म्हणजे कुठलीही उकडलेली पालेभाजी, पण उन्हाळ्यात बहुतेक वेळा ती ‘व्लिता’ असते, आणि व्लिता म्हणजे चक्क आपल्या माठाची बहीण. उकडून, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आईंना ती पाहून घरचं कोणी भेटल्यासारखं होईल. जोडीला फावा मागवा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा, वर कांदा आणि तेल) आणि पाव. नाक्सोसचे बटाटे ग्रीसभर नावाजलेले आहेत, त्यांना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे. तळलेले बटाटे सगळीकडे मिळतात, पण इथले बऱ्याच ठिकाणी हाताने कापून ऑलिव्ह तेलात तळलेले असतात आणि वर इथलंच ग्राविएरा चीज किसून घालतात. मुलीची सोय तिथेच झाली. बाकीच्या ग्रीसमध्ये ग्राविएरा बहुधा मेंढीच्या दुधाचं असतं, इथलं मुख्यतः गाईच्या दुधाचं, म्हणून चवीला सौम्य. ‘आर्सेनिको’ शेळी-मेंढीच्या दुधाचं, कडक आणि उग्र, ते मोठ्यांसाठी. गावच्या सॅलडवरही फेटा चीजऐवजी इथलं आंबूस, मऊ क्सिनोमिझिथ्रा मागा.

आता बीच. कुठला बीच चांगला हे इथे वारा ठरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस घोंघावतो. सप्टेंबरमध्ये त्याचा जोर कमी होतो, पण पूर्ण जात नाही. नावाजलेले सगळे वाळूचे बीच पश्चिम किनाऱ्यावर खोरापासून, म्हणजे बंदराच्या मुख्य गावापासून, दक्षिणेकडे एकापुढे एक लागतात. सकाळी उठल्यावर आधी वारा बघायचा, मग ठरवायचं.

मुलीसाठी पहिल्या दिवशी आगिओस योर्गिओस. खोरातून चालत जाता येतं, पाणी बरंच आतपर्यंत उथळ. दिसायला फार देखणा नाही, मागे हॉटेलांची रांग आहे, पण आजी-आजोबा सावलीत बसून नातीवर नजर ठेवू शकतात. आगिओस प्रोकोपिओस खरा सुंदर. वाळू जाडसर, अंगाला चिकटत नाही, पाणी स्वच्छ निळं, आणि उत्तरेकडच्या टेकाडामुळे वाऱ्याच्या दिवशीही बराच आडोसा. मात्र तिथे पाणी लवकर खोल होतं, मुलीच्या हाताला फुगे असू द्या. शेजारी आगिया आन्ना, छोट्या बोटींचा धक्का आणि जेवायच्या जागा. त्यापुढे प्लाका: चार किलोमीटर लांब सलग वाळू, मागे वाळूचे ढिगारे. गर्दी जितकी मागे टाकाल तितकी शांतता. दक्षिणेकडच्या टोकाला काही लोक कपड्यांशिवायही असतात. कोणी कोणाकडे बघत नाही, पण आई-बाबांना घेऊन जाताना हे ठाऊक असलेलं बरं. आई सलवार-कुर्त्यात पाण्यात उतरल्या तरीही कोणी बघणार नाही, हा त्याचाच दुसरा फायदा.

मिक्री विग्ला वारा असताना काइटसर्फिंगवाल्यांचा. पोहायला नको, पण रंगीत पतंग बघायला मुलीला मजा येईल. अलिको मला सगळ्यात जास्त आवडतं. देवदारासारखी बुटकी झाडं, खडकांमधल्या लहान लहान खाचांतले बीच, आणि वर एक अर्धवट सोडून दिलेलं हॉटेल, त्याच्या भिंतींवर चित्रं रंगवलेली. सावली आणि खाणं दोन्ही नाही, पाणी घेऊन जा. खडकांवर समुद्री साळू असतात, रबरी बूट हवेत. आई-बाबांना तिथे नेऊ नका, तुम्ही दोघंच एक सकाळ जा.

आपल्या कोकणच्या सवयीने भरतीचं वेळापत्रक शोधू नका. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. सँतोरिनीची काळी वाळू पायाला भाजते, इथली वाळू फिकट, त्यामानाने सुसह्य.

छत्री-खुर्च्यांचं भाडं पहिल्या रांगेत जास्त, मागे कमी. काही ठिकाणी खाणं-पिणं मागवलं की खुर्ची फुकट. बसण्याआधी विचारा. नाहीतर सरळ चटई पसरा. 2023 च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावर स्थानिक लोकांनी ‘किनारे खुर्चीवाल्यांनी गिळले’ म्हणून टॉवेल घेऊन आंदोलन केलं, ते नाक्सोसपर्यंत पोचलं, आणि पुढच्या वर्षी सरकारने नियम कडक केले. किनाऱ्याचा निदान अर्धा भाग आता मोकळा ठेवावा लागतो. तेव्हा चटई पसरताना संकोच करायचं कारण नाही.

जेवणासाठी मात्र किनारा सोडून आत जा. एक पूर्ण दिवस गाडी घेऊन (भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा) खोरा, सांग्रीजवळचं डिमीटर देवीचं संगमरवरी मंदिर, हाल्की, फिलोती, अपिरान्थोस असा रस्ता धरा. डिमीटर धान्याची देवी, आणि तिचं मंदिर आजही शेतांच्या मधोमध उभं आहे. हाल्कीच्या चौकात यानिसच्या ताव्हेर्नात झाडाखाली बसून जेवा, मग दूध-रव्याचं गालाक्तोबुरेको हे पक्वान्न खा. तिथेच वालिंद्रास ही 1896 पासूनची कित्रोची भट्टी आहे, तांब्याची जुनी भांडी बघायला मिळतात. कित्रो ही महाळुंगाच्या पानांची दारू. हो, तेच महाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. आमच्या सासूबाईंनी दारूकडे पाठ फिरवली पण झाडाला हात जोडले. हिरवं कित्रो गोड आणि हलकं, पिवळं कमी गोड आणि जोरदार.

अपिरान्थोसला पायाखाली संगमरवर आहे. गल्ल्याच संगमरवराच्या, आणि पायऱ्या फार. बाबांचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा. वाटेत बसायला चौक आहेत आणि लेफ्टेरिस नावाची बाग असलेली खानावळ आहे. 1941 मध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिसवरचा नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोघांपैकी मानोलिस ग्लेझोस याच गावचे. तुम्ही दोघं मांसाहारी आहात, तर किनिदारोस गाव भाजलेल्या मांसासाठी ओळखलं जातं, पण शाकाहारी माणसांना तिथे नेऊन बसवणं म्हणजे शिक्षा.

किनाऱ्याच्या बाजूला एकच जागा मुद्दाम सांगेन: कास्त्राकीच्या रस्त्यावरची अ‍ॅक्सियोटिसा. भाज्या उत्तम, आणि आधी फोन करून टेबल राखून ठेवावंच लागतं. खोरात जुन्या बाजाराच्या गल्लीत मेताक्सी मास ही खानावळ. बंदरासमोर हातात मेन्यू घेऊन बोलावणाऱ्यांकडे जाऊ नका. तिथे जेवण वाईटच असतं असं नाही, पण तुम्ही जेवायला नाही, सूर्यास्ताला पैसे देता. मासे किलोवर विकतात, समोर वजन करून घ्या. गोठवलेले मासे मेन्यूत तसे लिहावे लागतात, बारीक अक्षरं वाचा. पाव मागितला नाही तरी येतो आणि बिलात लागतो. पदार्थ मोठे असतात, पाच जणांत चार-पाच मागवून मधे ठेवा.

सूर्यास्त पोर्तारापाशी बघा, फुकट आहे. इसवी सनापूर्वी 530 च्या सुमारास सुरू झालेलं आणि कधीच पूर्ण न झालेलं अपोलोचं मंदिर, त्याचा हा एकटा उरलेला दरवाजा. वारा असला की तिथे जाणाऱ्या बांधावर लाटा उडतात, मुलीचा हात धरा.

रात्रींच्या वाटणीबद्दल विचारलंत. सँतोरिनी दोन, नाक्सोस चार हे योग्यच आहे. काही कापायचं झालं तर सँतोरिनी कापा. बोटीने दोघांमधलं अंतर दोनेक तासांचं. फक्त परतताना नाक्सोसहून पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, उतरून त्याच रात्री मुंबईचं विमान, असा बेत करू नका. वारा फार वाढला तर बंदरातून बोटी सोडतच नाहीत, आणि सप्टेंबरातही असा एखादा दिवस येतो. शेवटची रात्र अथेन्सला ठेवा.