मिरजेकडच्या काळ्या रानात पपईची कोणती जात लावावी?

अर्धा एकर लावून फळ पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर ‘तैवान ७८६’, म्हणजे रेड लेडीच घ्या. फळ दीड-दोन किलोचं, गर लालसर, जाड आणि घट्ट, त्यामुळे वाहतुकीत टिकतं. शिवाय नर झाड निघत नाही; मादीला गोल आणि उभयलिंगीला लांबट फळ लागतं, जागा वाया जात नाही.

वॉशिंग्टन जातीचे देठ जांभळट, गर पिवळा. चवीला मला तीच आवडते, पण फुलोऱ्यात नर ओळखून दहा माद्यांमागे एकच ठेवावा लागतो. परसात पुसा नन्हा लावा, जेमतेम फूटभर उंचीवर फळ धरते. पेपेनसाठी, म्हणजे पपईच्या चिकातल्या पाचक द्रव्यासाठी, चीक काढायचा तर को-२ ही जात.

जात कुठलीही घ्या, गादीवाफा, म्हणजे उंच वाफा, कराच! काळ्या रानात पाणी साचलं की बुंधा कुजतो.